उत्तर देणारे : एक

साहेबांनी टेबलावरून कागद पुढे सरकवला. यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिणाऱ्यांना बाजारात काय पगार मिळतो, त्याचं सर्वेक्षण होतं ते. आकडा दिसला आणि ताईंनी कागद जवळ ओढला.

"तुम्हा दोघांनाही आम्ही यापेक्षा बरंच जास्त देतोय," साहेब म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून पगार या आकड्यावर येतील."

शेजारी बसलेला सहकारी उसळला. "एवढ्यात राबतो तरी कोण, साहेब? ताई, तुम्ही तरी बोला!"

बारा वर्षं यंत्रांवरच्या धोक्याच्या सूचना लिहून ताईंना बारीक अक्षर आधी वाचायची खोडच जडली होती. पानाच्या तळाशी लिहिलं होतं : 'या कामासाठी उत्तर देणारे : एक.'

या सर्वेक्षणाचं काम करणाऱ्या भाचीने गळ घातली म्हणून त्यांनी त्याचा फॉर्म भरला होता. पगार बाहेर सांगितला तर नोकरी जाईल, अशा कंपनीच्या करारावर सही होती त्यांची. म्हणून, कुणी ओळखू नये यासाठी, आकडा चांगलाच खाली आणून लिहिला होता. आता तोंड उघडणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तो एक कोण, याचा शोध लगेच सुरू झाला असता.

"मॅडम, कागदातली चूक तुमच्या नजरेतून कधी सुटत नाही," साहेब म्हणाले. "सांगा, विसंबता येईल ना या आकड्यावर?"

सहकारी श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होता.

ताईंनी तळाच्या ओळीवर अंगठा ठेवला.

"हो, साहेब."