पटावरचं नाव

सिडनीत शेजारी राहणारी आयरिश वंशाची नोरीन लॅपटॉप घेऊन कुमुदबाईंच्या स्वयंपाकघरात आली. पडद्यावर आयर्लंडमधल्या एका खेड्यातल्या शाळेचा जुना हजेरीपट होता. “माझ्या आजीला नवव्या वर्षी एकटीला सिडनीच्या बोटीत बसवलं. कुणालाच नको होती ती.” कुमुदबाईंनी चष्मा लावला. तीस वर्षं वाईच्या शाळेत त्यांनी हजेरी घेतली होती. आजीच्या नावापुढे ती गेल्यावरही दोन वर्षं रोज गैरहजेरीची खूण होती. “नोरीन, गेलेल्या मुलाचं नाव मास्तर लगेच कमी करतात. हिचं केलं नाही. परत येईल म्हणून रोज पुकारत होते.” नोरीन डोळे पुसत घरी गेली. चहाचे दोन कप विसळून कुमुदबाईंनी वाईच्या मैत्रिणीला फोन लावला. “सुलू, महिला मंडळाच्या वहीत माझं नाव आहे ना गं अजून?” “तुझं? अगं, तू लेकाकडे गेलीस त्याच महिन्यात कमी केलं की.”