लंगडी टिटवी

तान्ह्या लेकीला आईकडे सोपवून ती नदीवर फोटो काढायला आली होती. वादळी पावसात एक टिटवी पंख लोळवत वाळूवरून खुरडत चाललेली दिसली आणि तिला घबाडच गवसलं. टिटवी पुढे, ही मागे. तासभर तिने पाठ सोडली नाही. मग चिंब भिजून होडीवाल्या काकांच्या खोपटात शिरली आणि फोटो दाखवला.

"बिचारीचा पंख मोडलाय हो, काका."

काका हसले. "मोडतोय कसला! सोंगाडी आहे ती. अंड्यांपाशी कुणी आलं की अशी लंगडत त्याला लांब नेते. तो गेला, की लगेच जाऊन अंड्यांवर बसते."

"आणि गेलाच नाही तर?" तिने कॅमेरा बंद केला.

"मग काय, अंडी गारठून मरायची. पण असल्या पावसात इतका वेळ कोण तिच्या मागे लागतंय, पोरी?"