विरोधी बाकावरच्या ताई

नगराध्यक्ष खानविलकरांच्या शोकसभेत जो तो त्यांना देवमाणूस म्हणत होता. शेवटी सुलभाताई गवाणकर बोलायला उभ्या राहिल्या. नगरपालिकेत त्या कायम विरोधी बाकावर बसत आल्या होत्या.

"खानविलकर देवमाणूस नव्हते," त्या म्हणाल्या. "मासळी बाजार गावाबाहेर नेला, ही त्यांची चूकच. मी तेव्हाही बोलले, आजही बोलते. पण मी कितीही तावातावाने भांडले, तरी त्यांनी माझं बोलणं मध्येच कधी तोडलं नाही. माझं संपलं की म्हणायचे, 'ताई, आता माझं ऐका.'"

"ओ बाई, खाली बसा!" मागून कुणीतरी ओरडलं. "गेलेल्या माणसावर चिखल उडवता? लाज नाही वाटत?"

एका कार्यकर्त्याने पुढे येऊन त्यांच्या हातातला माईक हिसकावला. सुलभाताई मंचाच्या पायऱ्या उतरू लागल्या.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून खानविलकरांच्या पत्नी उठल्या. त्यांनी माईक मागून घेतला आणि सुलभाताईंच्या हातात परत दिला.

"बोला ताई. हे सभेला निघताना मला सांगायचे, 'आज सुलभाताईंशी गाठ आहे, तयारीनं जायला हवं.' असं दुसऱ्या कुणाबद्दल कधी म्हणाले नाहीत."

सुलभाताईंनी माईक तोंडाशी नेला, हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं आणि माईक पुन्हा खाली घेतला.

"बोलेन हो, वहिनी," त्या म्हणाल्या. "पण आता उत्तर कोण देणार?"