कडू पाण्याची भाची

“स्वतःविषयी थोडं सांग,” व्हर्ना एट्सिट्टी म्हणाली, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

मुलाखत घ्यायला तिघं बसले होते. मधे व्हर्ना, विद्यापीठाच्या विविधता आणि समावेशन कक्षाची प्रमुख. तिच्या एका बाजूला आस्थापना विभागाचा ब्रॅड हॉलकॉम्ब. झोपेतून उठवला तरी नियम म्हणून दाखवेल असा माणूस. दुसऱ्या बाजूला डीन लिंडक्विस्टबाई, कमी बोलणाऱ्या. समोर शेरिलिन मेनीगोट्स. एम. ए.ला प्रवेश मिळाला होता, फीची सोय नव्हती. या कक्षातली ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा मिळाली तर फी माफ होणार होती, नाही तर पोरगी पुन्हा कायेंटाला, घरी.

शेरिलिनने त्या दोघांकडे बघून मान लववली आणि व्हर्नाकडे वळली. समोर आपल्या नवाहो आदिवासी जमातीतली वडीलधारी बाई बसलेली असताना आधी स्वतःच्या पदव्या सांगायच्या, इतकी काही ती बेवळणाची नव्हती.

“मी कडू पाण्याच्या कुळातली,” ती म्हणाली. “वडिलांचं कूळ मिठाचं. आईचे वडील चिखलाच्या कुळातले, वडिलांचे वडील उंच घराच्या. अशी मी.”

व्हर्नाच्या हातातलं पेन तसंच राहिलं. आडनावावरून यातलं काही कळत नाही. कूळ येतं आईकडून, म्हणून कुळातली आईच्या वयाची प्रत्येक बाई मावशीच. आणि व्हर्नाही कडू पाण्याचीच.

“अगं बाई! म्हणजे मी तुझी मावशी की गं!”

“हो मावशी!” शेरिलिनच्या तोंडून निघून गेलं. सकाळपासून आखडलेले तिचे खांदे जरा सैल पडले.

व्हर्नाचा चेहरा मात्र उतरला. तिने खुर्ची मागे सारली. “ब्रॅड, मला उठायला हवं. ही माझी भाची आहे.”

“आँ? सकाळीच तर म्हणालात, उमेदवारांत नात्यातलं कोणी नाही.”

“सकाळी मला कुठे माहीत होतं?”

“हिला आधी भेटलात कधी?”

“आत्ता. तुझ्यादेखत.”

हॉलकॉम्ब हसला. आपण एकटेच हसतोय हे ध्यानात आल्यावर थांबला. “अहो, बसा. असली नाती कोण धरतं? तुम्ही उठलात तर आम्ही दोघंच उरतो. तिघांशिवाय मुलाखत होत नाही. आणि आज नाव कळवलं नाही तर जागा जाते दुसऱ्या विभागाला.”

माय मरो पण मावशी उरो म्हणतात. इथे मावशी उरली तर भाचीच्या पोटावर पाय, आणि मावशी नाही असं म्हणावं तर ते भाचीच्या तोंडावर म्हणायचं. व्हर्ना उभीच राहिली.

“मिस मेनीगोट्स,” हॉलकॉम्ब म्हणाला. आवाजात खोट नव्हती, खरंच मदत करायची होती त्याला. “तुम्हीच सांगा. या तुमच्या कोणी लागत नाहीत, ओळख करून द्यायची ती एक रीत झाली, एवढं म्हणालात की झालं. मी लिहून घेतो आणि आपण पुढे जाऊ.”

शेरिलिनने व्हर्नाकडे पाहिलं. व्हर्ना खिडकीबाहेर बघत होती. कसलीही खूण करायची नाही, असं ठरवूनच बघत होती. एक शब्द बोललं की काम झालं. आईला फोनवर काय सांगायचं, तेही शेरिलिनने मनात जुळवून पाहिलं. फी माफ झाली, आई. कशी झाली ते मात्र सांगता आलं नसतं.

“लागतात, सर,” ती म्हणाली. “मावशी आहेत माझ्या.” आणि तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

हॉलकॉम्बने चष्मा काढला. पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे नीट बघितलं. “अशा किती मावश्या आहेत तुम्हाला?”

“काय माहीत! भेटतात तेव्हा कळतं.”

“आणि त्यातल्या एखादीच्या दारात रात्री गाडी बंद पडली तर?”

“तर जेवण मिळेल. आणि एवढ्या रात्री एकटी कशाला निघालीस म्हणून बोलणीही.”

लिंडक्विस्टबाई खुदकन हसल्या. “माझ्या सख्ख्या मावशीने दार उघडलं नसतं,” त्या म्हणाल्या.

व्हर्नाने आपला पाण्याचा पेला उचलला, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि तो शेरिलिनच्या हातात दिला. इतका वेळ परीक्षक म्हणून जे विचारता येत नव्हतं ते तिने आता विचारलं. “जेवलीस का?”

“नाही, मावशी.”

“वाटलंच मला. बाहेर बाकावर बसते मी. इथलं आटप आणि ये.” आटपायला आत काही उरलं होतं की नाही, ते तिलाही ठाऊक नव्हतं. जाताना तिने दार ओढून घेतलं.

हॉलकॉम्ब खुर्चीत रेलून छताकडे बघत राहिला. “नियमात नुसतं ‘नातेवाईक’ म्हटलंय,” तो स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला. “कोणाच्या हिशेबाने, ते कुठेच नाही. वीस वर्षं मी माझ्याच हिशेबाने लावतोय तो.”

त्याने फोन ओढला. “हॅलो, हॉलकॉम्ब बोलतोय. समावेशन कक्षात मुलाखतीला तिसरा माणूस हवाय, आत्ताच्या आत्ता. कोण मोकळं आहे? ग्रंथालयातले त्सोसी? तेही नवाहोच ना? चालतील की. थांबा, थांबा, लगेच पाठवू नका. आधी विचारून घ्या, त्यांच्या आईचं कूळ कोणतं.”

पलीकडून बहुधा “काय?” आलं असावं.

“कूळ, कूळ! विचारा तर!” मग फोनवर तळवा ठेवून तो शेरिलिनकडे वळला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “वडिलांचंही विचारायचं का हो?”

शेरिलिनने पिशवी पुन्हा खाली ठेवली.

“चारही विचारा, सर.”