दंडारीतली थट्टा

आणीबाणी उठली आणि एकोडीच्या डोमाची दंडार, म्हणजे गावातलं सोंगांचं लोकनाट्य, पुन्हा उभी राहिली. दोन वर्षं गप्प बसलेला हा सोंगाड्या आता ज्याच्या त्याच्यावर मोकळेपणी बोलू लागला. पुढं जिल्हा परिषदेची निवडणूक आली नि त्याचा दोस्त गोपीचंद उभा राहिला.

"माह्यावरही बोल, मले सोडू नको," असं खुद्द गोपीचंदनंच सांगितलं होतं.

म्हणून अफवा उठवणाऱ्यांची खोड मोडायला डोमानं एका चहाडखोर म्हातारीचं सोंग घेतलं. पदर सावरत ती म्हणाली, "आयकलं का वो? गोपीचंदनं नागपूरले जाऊन गुपचूप धर्म बदलवला! म्हणून तं देवळात येऊन नाही राहिला!" लोक पोट धरून हसले.

आठवडाभरात तीच गोष्ट खरी म्हणून साकोलीपर्यंत पोचली. डोमा सायकलीवर गावोगाव फिरला. "अजी, ते मीच जोडलं होतं, हसासाठी," असं घसा बसेपर्यंत सांगत राहिला. लोक डोळा मिचकावून म्हणायचे, "भेऊ नको भाऊ, आता खरं बोलल्यावर कोनी जेलात टाकत नाही."

निवडणुकीत गोपीचंद पडला. डोमा माफी मागायला त्याच्या घरी गेला, तर तो धानाच्या बांधीत गेलेला. त्याच्या बायकोनं, कुंताबाईनं, डोमाला चहा दिला, दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं,



"डोमाभाऊ, तुमाले कवा सांगतलं जी यायनं? मले तं अजूनही पत्ता लागू देल्ला नाही."