चुन्याचं रिंगण

फाटकातून आत येताच सांडूला खड्ड्यांची ओळ दिसली आणि त्याने सायकल तिथंच आडवी टाकली. तळ्याकाठच्या वनउद्यानात पावसाळ्याआधी झाडं लावायची होती. मजुरांनी पहाटेच काम धरलं होतं. जिथे जिथे चुन्याची खूण, तिथे तिथे हातभर खड्डा.

आणि काल संध्याकाळी सांडूनेच मोठा शहाणपणा करून टिटवीच्या चार अंड्यांभोवती चुन्याचं रिंगण ओढलं होतं. फिरायला येणाऱ्यांचा पाय पडू नये म्हणून. उद्यानाचा वॉचमन झाला तरी त्याच्यातला मेंढपाळ गेला नव्हता. माळावर टिटवीची अंडी दिसली की कळप वळवून न्यायचा, ही त्याच्या घरची रीत. पण चुना दिसला की मजूर खणणार, एवढी साधी गोष्ट त्याच्या टाळक्यात आली नव्हती.

तो पळत सुटला. वर टिटव्या ओरडत घिरट्या घालत होत्या. अंडी असली तरी त्या ओरडणार, फुटली तरी ओरडणार.

ओळीच्या टोकाला बायनाबाई टिकाव टेकवून पाणी पीत होती.

"मावशी, इथलं रिंगण?"

"तूच काढल्तं व्हय रे?" तिने बाटलीचं झाकण लावलं. "टिकाव उचलला अन् टिटवी पायापाशी येऊन पंख टाकून पडली. हटंच ना. मंग वाकून पाह्यलं."

तिने हनुवटीने दाखवलं. खड्डा रिंगणाच्या बाहेर, दोन पावलं सरकवून खणला होता. रिंगणाच्या आत, बारीक खड्यांमध्ये चार ठिपकेदार अंडी. सांडूने मोजली. परत मोजली. जिवात जीव आला तसा तो मटकन खाली बसला आणि उगाच हसत राहिला.

बायनाबाईने चपलेने माती लोटून चुना बुजवला.

"दुपारची टोळी अजून यायची हाय. त्यांनी बी खणलं असतं."

"मंग लोकांचा पाय पडला तर?"

"तू कशाला हाईस?"

दुपारी फाटकाजवळच्या लिंबाखाली वॉचमनची खुर्ची नव्हती. ती खड्ड्यांच्या ओळीच्या टोकाला भर उन्हात होती आणि तिच्यावर डोक्याला रुमाल बांधून सांडू बसला होता. पंधरा पावलांवर टिटवी उभी होती, अंड्यांवर सावली धरून.