काकूंना आवडलेलं पुस्तक

भावेश चिंचोटीच्या धबधब्यात बुडाला, त्यानंतर त्याची आई, चंद्रकांताकाकू, त्याच्या कपाटातली पुस्तकं वाचायला लागल्या. त्याची मैत्रीण अक्षया भुईगावला भेटायला आली, की तिला त्या आपलं मत ऐकवायच्या.

“ते ड्रॅगनचं मराठी भाषांतर काही जमलं नाही मला. एवढं जाडजूड पुस्तक, नुसत्या लढाया, आणि एकदा म्हणून कोणी जेवायला बसत नाही. ते खुनाचंही तसलंच. सगळ्यांना प्रश्न विचारतात, मेलेल्या मुलाच्या आईला कोणी काही विचारत नाही.”

“आणि हे?” अक्षयाने विचारलं. काकूंच्या मांडीवर इंग्रजीत आलेली जपानी चित्रकथा, मांगा, होती. ती तिनेच भावेशला वाढदिवसाला दिली होती.

“हे आवडलं. इंग्रजी फारसं कळत नाही, पण चित्रांवरून समजतं सगळं. सुरुवातीलाच त्या पोराच्या फोटोपुढे उदबत्ती. मग तो इस्पितळात. मग बरा होतो, मित्रांबरोबर हुंदडतो. आणि शेवटच्या पानावर घरात बसून आईशी जेवणावरून भांडतोय. पुस्तकानं असं संपावं.”

अक्षया पटकन बोलून गेली, “काकू, जपानी पुस्तक आपल्या उलट वाचतात, उजवीकडून. तुमचं शेवटचं पान म्हणजे खरं पहिलं. तो मुलगा शेवटी...”

काकूंनी त्या पानावरून हात फिरवला.

“ठाऊक आहे गं. भावेशनेच शिकवलं होतं. आधी तसंच वाचलं मी.”